काळ्या खडकाच्या बेटावर किनाऱ्यावरून डाइव्ह करायची जागा कशी शोधायची

कोल्हापुरात डाइव्हिंगचा नाद लागलेली माणसं आता बरीच झालीत. शनिवारी पहाटे गाडी काढायची, घाट उतरून मालवण नाहीतर तारकर्ली गाठायची, दोन दिवस पाण्यात आणि रविवारी रात्री परत. पण तिथं आपली सगळी सवय बोटीची. बोटवाल्याला जागा माहीत असते, कुठं उतरायचं तो सांगतो, संपलं की शिडी खाली सोडतो. तोच माणूस बालीला किंवा स्पेनच्या कॅनरी बेटांवर गेला आणि समोर काळा खडक, त्यावर आपटणारी लाट, पाठीवर टाकी आणि शिडी कुठंच नाही, अशी वेळ आली की काय करायचं ते कळत नाही. माझं तसंच झालेलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ओपन वॉटरचा, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स झालाय, निदान वीसेक डाइव्ह झाल्यात, बडी म्हणजे पाण्यातला जोडीदार बरोबर आहे असं धरून लिहितोय. त्याच्या आधीच्या लोकांनी वाचावं जरूर पण एकट्याने करून बघू नये.

ज्वालामुखीच्या बेटावर किनाऱ्यावरनं डाइव्ह करण्यात एवढं काय, तर खोली. आपल्या कोकणात किनाऱ्यापासून कितीतरी आत गेलं तरी पाणी उथळच, कारण खंडाचा उतार हळूहळू जातो. ज्वालामुखीचं बेट म्हणजे समुद्राच्या तळावरनं उठलेला आख्खा डोंगर, त्याचा फक्त शेंडा पाण्याबाहेर. हवाईचा मौना केआ समुद्राच्या वर ४,२०५ मीटर आहे पण तळापासून मोजला तर ९ किलोमीटरच्या वर भरतो. त्यामुळे काठापासून पन्नास-शंभर मीटर पोहत गेलं की पायाखाली २०-२५ मीटर खोली मिळते, बोटीचं भाडं नाही, बोटीची वेळ नाही, हवं तेव्हा हवं तितका वेळ. आणि हीच गोष्ट धोक्याचीही आहे, कारण खोल समुद्रातली लाट वाटेत कुठं न अडता थेट काठावर येऊन फुटते.

आपल्याला एक फायदा मात्र जन्मापासून आहे. आपण लाव्हावरच राहतो. दख्खनचा हा सगळा काळा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, अंबाबाईच्या देवळाचा दगड तोच, पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांचाही तोच. जोतिबाच्या वाटेला रस्ता कापलेला दिसतो ना, एकावर एक थर, मधे फेसाळ भोकाभोकाचा दगड, मग परत घट्ट काळा, ते बघायची सवय असेल तर बेटावरचा किनारा अर्धा वाचता येतो. वर जसा खडक असतो तसाच तो पाण्याखाली पुढं जातो, हे डोक्यात पक्कं ठेवा, खालचं सगळं यावरच उभं आहे.

आणि दुसरं, लहानपणी विहिरीवर आबांनी शिकवलेलं. पोरं काठावरनं सूर मारायला धावली की ते ओरडायचे, "आधी वर कुठनं येणार ते बघ, मग उडी टाक." किनाऱ्यावरच्या डाइव्हला याच्यापेक्षा मोठा नियम मला अजून सापडलेला नाही. आत जायला दहा जागा असतात, बाहेर यायला एखादीच.

पहिलं काम घरी बसून, नकाशावर

सगळ्यात आधी वारा. बेटाची एक बाजू वाऱ्याची असते आणि एक आडोशाची. हवाईत आणि कॅनरीत वर्षातला बराच काळ वारा ईशान्येकडनं येतो, म्हणून हवाईच्या मोठ्या बेटावर पश्चिमेचा कोना किनारा शांत आणि कॅनरीतल्या एल हिएरो बेटावर नैऋत्येला ला रेस्टिंगा गावासमोरच्या पाण्याचं नावच स्पॅनिशमध्ये शांत समुद्र अशा अर्थाचं आहे. डोंगर जितका उंच तितका आडोसा चांगला. पण वाऱ्याला आडोसा म्हणजे लाटेला आडोसा असं समजू नका. हवाईत हिवाळ्यात उत्तरेकडनं लांबची लाट येते आणि उन्हाळ्यात दक्षिणेकडनं, ती बेटाला वळसा घालून आडोशाच्या बाजूलाही पोचते.

मग गूगल अर्थ उघडा आणि जुने फोटो बघायची जी सोय आहे ती वापरा, ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. एकाच कोपऱ्याचे वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या महिन्यांचे आठ-दहा फोटो बघायचे. काठाला पांढरी फेसाची रेघ बहुतेक फोटोंत दिसली तर ती जागा सोडून द्या, तिथं रोजच लाट फुटते. एखाद-दुसऱ्या फोटोतच दिसली तर पुढं विचार करा. फिकट निळं म्हणजे पांढरी वाळू, गडद म्हणजे खडक, प्रवाळ किंवा काळी वाळू. फिकट निळ्या पट्ट्या बोटांसारख्या काठापासून आत गेलेल्या दिसल्या तर खूण करून ठेवा, ती लाव्हाची बोटं आणि त्यांच्यामधल्या वाळूच्या गल्ल्या आहेत, अशा गल्लीतनं आत जाणं आणि परत येणं दोन्ही सोपं पडतं, खाली रस्ताच आखून दिलेला असतो.

ताजा लाव्हा फोटोत ओळखू येतो, काळाकुळकुळीत आणि त्यावर झाड नाही. तो समुद्रात पंख्यासारखा पसरलेला असतो. अशा ठिकाणी पाण्याखाली कमानी, भुयारं, उभे कडे बघायला मिळतात पण प्रवाळ कमी, कारण वाढायला वेळच मिळालेला नाही. जुन्या प्रवाहावर जिवंतपणा जास्त. दोन प्रवाह जिथं शेजारी शेजारी येऊन थांबलेत तिथं मधे छोटी खाच राहते, ती बघा, तिथं लाट थोडी मऊ होते.

ओढ्याचं तोंड दिसलं तर दोन गोष्टी कळतात. पाऊस झाल्यावर तिथं गढूळ असणार, आणि काठाला प्रवाळाची भिंत असेल तर बहुतेक वेळा तिथंच तिला खिंड असते, कारण गोड्या पाण्यात आणि गाळात प्रवाळ वाढत नाही. लाटांनी आत टाकलेलं पाणी याच खिंडीतनं बाहेर ओढलं जातं. म्हणजे सोपा दरवाजा वाटतो पण पाणी तुम्हाला बाहेर नेणार, परत येताना त्याच्याविरुद्ध पोहावं लागणार. तिथनं आत जाऊन दुसरीकडनं बाहेर यायचं असं जमत असेल तरच.

शेवटी नाविक नकाशात खोलीच्या रेषा बघा. रेषा एकदम चिकटून असतील तर काठालाच भिंत आहे. नवख्यांसाठी मला भिंत आवडत नाही, कारण परत येताना अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तेव्हा खाली काही आधार नसतो. काठाजवळ ५ मीटरचा सपाट भाग आणि मग १८-२० मीटरपर्यंत उतार, अशी जागा शोधायची.

लाटेचा अंदाज, इथं घाई करू नका

बहुतेक लोक लाटेची उंची बघतात आणि १ मीटर आहे, ठीक आहे म्हणून निघतात. उंचीच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, पिरियड, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ७-८ सेकंदांची लाट म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ. १४-१५ सेकंदांची लाट म्हणजे हजारो किलोमीटरवरच्या वादळातनं आलेली, आणि ती उंचीला तेवढीच असली तरी तिच्यात ताकद जवळपास दुप्पट. खोल पाण्यात ८ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण १०० मीटर, १५ सेकंदांची साडेतीनशे मीटर. लाटेची हालचाल लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते, म्हणजे पहिली ५० मीटरपर्यंत आणि दुसरी पावणेदोनशेपर्यंत. म्हणून लांब पिरियडच्या दिवशी १५-२० मीटर खाली गेलात तरी पाणी पुढंमागं झोके देत राहतं, आणि वर कातळावर तीच १ मीटरची लाट अचानक कमरेपर्यंत चढते.

पावसाळ्यात आपण कसं बाहेर पडायच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, त्यावर कोण वाद घालत नाही. तसा आकडा स्वतःसाठी आधीच घरी ठरवून ठेवा. माझा आकडा सांगतो, तुमचा तुम्ही ठरवा: अनोळखी कातळावर पिरियड १२ सेकंदांच्या वर असेल आणि लाट अर्ध्या मीटरपेक्षा जास्त, तर मी जात नाही. काठावर उभं राहून ठरवायला गेलं की आलोय इतक्या लांब तर जाऊ, असंच मन म्हणतं.

भरती-ओहोटीचा तक्ता बघून ठरवा. कातळाच्या सपाट पट्टीवरनं उतरायचं असेल तर भरतीच्या आसपास बरं, खरबरीत दगडावर चालायचं अंतर कमी होतं. पण डाइव्ह तासाभराची, आवराआवर धरून दीड-दोन तास, तेवढ्यात पाणी किती उतरणार ते आधी मोजा, नाहीतर जाताना जी पायरी पाण्याला लागून होती ती येताना डोक्याच्या वर. उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे हा फरक सगळ्यात मोठा, भांगाच्या दिवसांत कमी. नवीन जागा भांगात बघा.

पहिल्या दिवशी टाकी नको

जागेवर गेल्यावर पहिला दिवस नुसता बघण्यात घालवा. ट्रिप चार दिवसांची असते आणि त्यातला एक दिवस वाया जातोय असं वाटतं, पण तो वाया जात नाही. ओहोटीला जा, तळ उघडा पडलेला असतो, कुठं खड्डा, कुठं भेग, कुठं पायरी ते दिसतं, मोबाइलवर फोटो काढा. भरतीला तीच जागा ओळखू येत नाही, तेव्हा हे फोटो कामाला येतात.

मग खडक वाचा. खडकाच्या वरच्या खळग्यांत मीठ साचलंय किंवा पाणी आहे, म्हणजे लाट तिथवर उडते. हिरवं शेवाळ आणि त्याखाली कालवं चिकटलेली दिसली की रोजचं पाणी कुठवर येतं ते कळतं. ओला काळा आणि गुळगुळीत हा सगळ्यात वाईट, पाय ठेवला की गेलाच. हवाईतले लोक लाव्हाला दोन नावं देतात, दोरखंडासारखा वळ्या पडलेला गुळगुळीत तो पाहोईहोई आणि भाजलेल्या विटेच्या तुकड्यांसारखा धारदार तो आ-आ. पाहोईहोईवर उभं राहायला जागा मिळते पण घसरतं, आ-आ वर घसरत नाही पण पडलात तर सोलून निघता. दोन्हीला जाड तळाचे बूट लागतात, आपल्याकडच्या पातळ मोज्यांसारख्या बुटांवर जाऊ नका. भोकांत काटेरी अर्चिन बसलेले असतात आणि दगडांत दगडासारखाच दिसणारा विषारी स्टोनफिश मासा, म्हणून आधारासाठी हात टेकायच्या आधी नीट बघायचं.

यानंतर बसा आणि लाटा बघा. घड्याळ लावून निदान वीस मिनिटं. लाटा एकसारख्या येत नाहीत, सात-आठ बारक्या आणि मग तीन-चार मोठ्या असा गट येतो, मधे शांतता. पाच मिनिटं बघून गेलेल्या माणसाला तो मोठा गट दिसतच नाही आणि तो नेमका त्याच्या अंगावर येतो. मोठा गट किती वेळाने येतो, गेल्यावर किती सेकंद शांत राहतं, ते लिहून घ्या.

तिथल्या मच्छीमाराला विचारा. काय विचारायचं तेही महत्त्वाचं, इथं छान आहे का असं विचारलं तर हो म्हणणारच. तुमची पोरं कुठनं पाण्यात उतरतात, कोणत्या महिन्यात इथं उतरत नाहीत, पाणी कुठं ओढतं, हे विचारा. परवानगीचंही बघा, राखीव क्षेत्र, खाजगी जमीन, देवाची जागा. बालीत न्येपीच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या मौनाच्या दिवशी आख्खं बेट बंद असतं, किनाऱ्यावर कोणी जात नाही. हवाईत होनाउनाउ या डाइव्हच्या जागेशेजारी त्यांचं जुनं पवित्र स्थान आहे, तिथं टाक्या मांडून पसारा करू नये. जोतिबाच्या आवारात कोणी असं केलं तर आपल्याला चालेल का, तेवढा विचार पुरे.

आत जायचं आणि बाहेर यायचं

गोट्यांचा किनारा म्हणजे बालीतलं तुलांबेन. हे ज्याने त्याने बघावं असं ठिकाण. लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालं, ते ओढत आणून या किनाऱ्यावर लावलं आणि १९६३ साली समोरच्या आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते सरकून पाण्यात गेलं. आज काठापासून तीस-चाळीस मीटरवर, ५ मीटरपासून जवळपास ३० मीटरपर्यंत आडवं पडलंय. गावातल्या बायका टाक्या डोक्यावर घेऊन त्या गोट्यांवरनं सरसर चालतात. मी पहिल्यांदा तिथं फिन्स (पोहायचे पायातले पंख) घालून उलटा चालत गेलो, दुसऱ्याच लाटेला पायाखालचे गोटे घरंगळले, आडवा झालो आणि डावा फिन गेला. गुडघा आठवडाभर दुखत होता. त्यानंतर पद्धत बदलली: मास्क डोळ्यावर, टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत म्हणजे तरंगायच्या जॅकेटात थोडी हवा, फिन्स हातात, पाय न उचलता सरकवत जायचं, कमरेच्या वर पाणी आलं की लगेच तरंगायचं आणि तिथं फिन्स घालायचे. बाहेर येताना मोठा गट जाऊ द्यायचा, शांततेत काठ गाठायचा आणि चार पायांवर रांगत यायचं. उभं राहायची घाई नको आणि रेग्युलेटर कोरड्यावर येईपर्यंत तोंडातनं काढायचा नाही.

कातळाची पट्टी असेल तर होनाउनाउचं उदाहरण, तिथल्या जागेला टू स्टेपच म्हणतात, लाव्हात निसर्गानेच दोन पायऱ्या केल्यात. अशा ठिकाणी पायरीवर बसून फिन्स घालता येतात. बाहेर येताना पाण्याशी झुंजायचं नाही, लाट वर उचलते तेव्हा तिच्याबरोबर पायरीवर बसायचं आणि ती उतरायच्या आत पक्कं धरायचं. उडी मारायची असेल तर खाली किती पाणी आहे ते आधी मास्क लावून बघितलेलंच पाहिजे.

काळी वाळू सगळ्यात सोपी. लोकांना ती नापीक वाटते पण बारीकसारीक जीव बघायचे असतील तर तिथंच. फक्त ती वाळू जॅकेटात हवा भरायच्या इन्फ्लेटरच्या बटणात आणि चेनमध्ये बसते, नंतर गोड्या पाण्यात नीट धुवा.

कुठलीही जागा असो, बाहेर यायला दोन वाटा ठरवा. दुसरी वाट पाणी वाहतं त्या दिशेला हवी, उलटीकडे असेल तर तिचा उपयोग नाही. दोन वाटा सापडत नसतील तर माझ्यासाठी ती जागा रद्द.

आधी स्नॉर्केल, मग टाकी

टाकी लावायच्या आधी नुसता मास्क घालून आख्खा मार्ग पोहून बघा. एक जागी न हलता तरंगा आणि खालचा खडक एक मिनिट बघा, किती सरकलात ते कळतं. भूशिरांच्या टोकाला पाणी जोरात वाहतं, माशांची गर्दीही तिथंच असते, मोह होतो, पण टोकाच्या अलीकडे आडोशाला राहून बघणं पहिल्या दिवसाला पुरे. मग बाहेर यायच्या जागेकडे तोंड करून काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, खालचा पांढरा दगड आणि त्यामागचं झाड अशा. त्या रेषेत असलात की बरोबर जागेवर येता. कंपासचा आकडा पाटीवर लिहून घ्या.

डाइव्ह सुरू करताना पाण्याच्या विरुद्ध जा, येताना पाणी मदत करेल. हवेचे तीन भाग, एक जायला, एक यायला, एक शिल्लक. टाकीत २०० बार दाबाची हवा घेऊन गेलात तर १३० च्या आसपास वळायचं. लाव्हाच्या बोटाची कड एका खांद्याला ठेवून गेलात तर येताना ती दुसऱ्या खांद्याला ठेवायची, हरवायला होत नाही. मधेच पाणी थरथरताना दिसलं, तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा दिसते तसं, आणि अंगाला गार लागलं तर घाबरू नका, मास्क खराब नाही झाला. लाव्हातनं झिरपणारं गोडं पाणी समुद्रात मिसळतंय. मला ते बघायला फार आवडतं.

लाव्हाच्या भुयारांत मात्र जायचं नाही. पलीकडचा उजेड दिसतो, सोपं वाटतं, पण वर छप्पर आहे आणि लाट आत शिरली की माणसाला पिस्टनसारखी ढकलते. त्याचं वेगळं शिक्षण असतं. आणि जिथं लाव्हा आत्ता समुद्रात पडतोय तिथं जवळही जाऊ नका, नवीन झालेली जमीन कोसळते आणि वाफेत आम्ल असतं.

डाइव्ह झाल्यावरचा घाट

हे आपल्या लोकांना कळकळीने सांगायचंय. ज्वालामुखीची बेटं म्हणजे उंच डोंगर, सकाळी डाइव्ह आणि दुपारी वर फिरायला, असाच सगळ्यांचा प्लॅन. तुलांबेनहून डोंगरावरच्या किंतामानीला गेलात तर दीड हजार मीटरच्या आसपास चढता. कोनाहून संध्याकाळी मौना केआवर तारे बघायला जातात, ते तर त्याहून कितीतरी वर. टाकीच्या हवेतनं अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत उंचावर जाणं म्हणजे विमानात बसण्यासारखंच, हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे अंगात बुडबुडे होतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायचं हा नेहमीचा नियम, मी तोच डोंगरालाही लावतो.

आणि आपलं घर? कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, आंबोलीतनं आलात तर ६९० मीटर चढून येता. मालवणातली पंधरा-वीस मिनिटांची उथळ डाइव्ह वेगळी, पण दोन दिवस खोल आणि लागोपाठ डाइव्ह करून रविवारी दुपारीच घाट चढायला लागलात तर चूक करताय. शेवटची डाइव्ह रविवारी सकाळी न करता शनिवारी संपवा, किंवा सोमवारची रजा टाका. मी आता रजाच टाकतो. सांधे दुखले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले तर झोप नीट झाली नाही म्हणून सोडून देऊ नका, ऑक्सिजन आणि डॉक्टर. नवीन बेटावर गेलात की ऑक्सिजन कुठं मिळतो आणि जवळचा चेंबर (अशा रुग्णाला दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठं आहे हे पहिल्या दिवशीच विचारून फोन नंबर लिहून ठेवा.

भारतात असं ठिकाण कुठंय असं विचारतात. अंदमानातलं बॅरन बेट जिवंत ज्वालामुखी आहे पण तिथं वस्ती नाही, जायचं तर बोटीनेच, किनाऱ्यावरनं प्रश्नच नाही. खडक वाचायचा सराव मात्र कोकणात होतो. हरिहरेश्वरला ओहोटीला सुरक्षित उंचीवर बसा, लाटांनी कापलेला आपलाच काळा दगड समोर आहे. पाण्यात उतरायचं नाही, ती जागा जीव घेणारी आहे. वही काढा, वीस मिनिटं लाटा मोजा, मोठा गट कधी येतो लिहा, कुठनं आत जाता आलं असतं आणि कुठनं बाहेर ते ठरवा आणि मग बघत बसा की पुढच्या मोठ्या लाटेला तुम्ही निवडलेली ती बाहेर यायची जागा दिसते की फेसाखाली जाते.